मंदीची पैसेवारी

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा शासन निर्णयाची भाषा दरवेळी तीच असते, पण तिच्यात काय काय येतं ते एकदा सावकाश वाचावं. जमीन महसुलात सूट. पीककर्जाचं पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, आणि थकबाकीपोटी वीज तोडायची नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलांची परीक्षा फी माफ. रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता. लागेल तिथे टँकर. यातलं प्रत्यक्ष गावात किती पोचतं आणि कधी, याबद्दल मराठवाड्यातला कुणीही तासभर बोलेल आणि त्यातलं बहुतेक खरं असेल. तरीही त्या कागदाने एक गोष्ट नक्की होते. संकट आलं आहे हे सरकारदप्तरी मान्य होतं. पीक गेलं त्यात तुझा दोष नाही, हे शेतकऱ्याला लेखी मिळतं.

पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, देशात प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी घसरली. व्यापारी वाहनं ३८.७१ टक्क्यांनी, दुचाकी २२.२४ टक्क्यांनी. वाहन उत्पादकांची संघटना १९९७-९८ पासून हे आकडे ठेवते, आणि तेव्हापासूनची ही सगळ्यांत वाईट घसरण होती. अवजड ट्रकचा खप तर निम्म्याहूनही खाली आला. पिंपरीत टाटा मोटर्सने ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले, म्हणजे काही दिवस सलग कारखाना बंद. महिंद्रने तिमाहीत आठ ते चौदा दिवस उत्पादन बंद ठेवणार असल्याचं शेअर बाजाराला कळवलं. वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने तीन महिन्यांत शोरूममधल्या सुमारे दोन लाख नोकऱ्या गेल्याचं सांगितलं. सुटे भाग बनवणाऱ्यांच्या संघटनेने एक लाख हंगामी कामगारांचं काम गेल्याचं सांगितलं.

पण पुण्याभोवतीच्या भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगावच्या कारखानदारी पट्ट्यात मंदी जाहीर झाली नाही. ती आपल्याकडे कधीच जाहीर होत नाही.

या पट्ट्यात मंदीची बातमी पेपरातून येत नाही. ती येते ‘शेड्यूल’मधून. गाडी बनवणारी कंपनी आपल्या पुरवठादाराला पुढच्या महिन्याचं शेड्यूल देते: इतके गिअर, इतके ब्रॅकेट, इतके बुश. तो पुरवठादार त्यातलं काही काम खालच्याला देतो, तो आणखी खालच्याला. शेवटी कुदळवाडीतल्या किंवा चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीएनसी आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन बसलेल्या माणसापर्यंत ते पोचतं. वरच्या कंपनीने शेड्यूल पंधरा टक्क्यांनी कमी केलं, तर खालचं शेड पंधरा टक्क्यांनी रिकामं होत नाही. मधला पुरवठादार आपली मशीन आधी चालू ठेवतो आणि बाहेर दिलेलं काम परत घेतो. त्यामुळे वर ज्याला मंदगती म्हणतात ती खाली येईपर्यंत पूर्ण बंदी झालेली असते. ‘शेड्यूल कमी झालं’ एवढंच त्या भागात म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. चहाच्या टपरीवाल्यालाही कळतं.

कारणांवर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जाखालची वित्तसंस्था हप्ते चुकवू लागली आणि तिच्यामागे बिगरबँक वित्तसंस्थांचा पैसा आटला. लहान ट्रकवाला आणि गावाकडचा दुचाकी घेणारा मुख्यतः याच संस्थांच्या कर्जावर गाडी घेतो. त्याआधी जुलैत ट्रकची भारक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवायला परवानगी मिळाली होती, त्यामुळे त्याच ट्रकमध्ये जास्त माल बसू लागला आणि नव्या ट्रकची गरज घटली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा आणि दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकरकमी भरणं आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण मानकाची सक्ती होती, म्हणून घेणारे थांबले. यातला एकेक निर्णय आपापल्या जागी समर्थनीय असेल. पण सगळे लागोपाठ आले, आणि त्यांचा एकत्रित भार ज्याच्यावर पडणार होता त्याचा विचार कुठल्याही टेबलावर झाल्याचं दिसत नाही.

तो कोण?

लातूर, नांदेड, परभणी, बीड, बुलढाण्याकडचा आयटीआय झालेला मुलगा. फिटर, टर्नर नाहीतर वेल्डर. चाकणला गावच्या ओळखीने येतो, ‘कॉट बेसिस’वर राहतो. म्हणजे एका खोलीत पाच-सहा खाटा, त्यातली एक आपली. कधी कधी तीही एकट्याची नसते, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला तिच्यावर झोपतो. जेवण मेसचं. काम ठेकेदाराकडून. गणवेश कंपनीचा असतो, पण हजेरी ठेकेदाराची. मूळ पगारात भागत नाही, म्हणून ओव्हरटाइम. घरी पाठवायचे पैसे ओटीतूनच निघतात आणि मंदीत सगळ्यांत आधी ओटी जाते. पगारपत्रकात ती ‘कपात’ म्हणून दिसत नाही. नोकरी शाबूत असते, फक्त घरी पैसे जायचे थांबतात.

मग ‘ब्रेक’ येतो. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केली की कायम होण्याचा हक्क लागायचा. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातही नोटीस, भरपाई, ले-ऑफच्या काळातलं निम्मं वेतन, हे सगळं त्याच २४० दिवसांच्या उंबरठ्यापलीकडे होतं. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात पोराला ब्रेक मिळतो आणि महिनाभराने तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा येतो. एरवी हे चालून जातं. गेटवर गेलं की काम मिळतं. मंदीच्या वर्षात मात्र ब्रेकनंतरचं बोलावणं येत नाही. त्याला कुणी काढलेलं नसतं. ठेकेदार म्हणतो, “शेड्यूल आलं की फोन करतो.” पोरगा फोनची वाट बघत खाटेचं भाडं भरत राहतो. पहिल्या महिन्यात साठवलेलं संपतं, दुसऱ्यात मित्राकडून घेतलेलं.

माझा सगळ्यांत मोठा आक्षेप इथे आहे. नोकरी गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे काहीच नाही असं नाही. पण जे आहे ते सगळं ‘काढल्या’चा कागद मागतं, आणि या माणसाकडे तेवढंच नसतं. बऱ्याच जणांकडे कामावर ठेवल्याचंही पत्र नसतं. काही तर कामगारही नसतात. २०१३ पासून ‘नीम’ नावाच्या योजनेत ‘ट्रेनी’ ठेवता येऊ लागले. ते त्याच लाइनवर, तेच काम करत, पण विद्यावेतनावर. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही. शेड्यूल कमी झालं की त्यांचं प्रशिक्षण पुरं होई.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयची, बेकारी भत्त्याची योजना घ्या. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू झाली, म्हणजे मंदी आली तेव्हा ती हाताशी होती. काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. बारा हजार कमावणाऱ्याला महिन्याला तीन हजार. ही रक्कम थोडी आहे, पण खाटेचं भाडं आणि मेसचा काही भाग त्यात निघाला असता. आता तेव्हाच्या अटी पाहा. दोन वर्षं विमायोग्य नोकरी हवी होती, आणि त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक सहामाही वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा हवी होती. काम जाऊन तीन महिने झाल्यावर अर्ज. आणि तो अर्ज शेवटच्या मालकामार्फत यायला हवा होता. म्हणजे ज्या ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलंय, त्यानेच लिहून द्यायचं की होय, मी याचं काम बंद केलं. ही अट ज्यांनी घातली त्यांनी एकदा चाकणच्या चौकात सकाळच्या पाळीच्या वेळी उभं राहायला हवं होतं.

त्याच २०१९ च्या जुलैत राज्य विम्याच्या वर्गणीचा एकूण दर ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. त्यातली मोठी बचत मालकांची होती. कामगार आणि मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीत इतकं शिल्लक असताना, भत्त्याचा २५ टक्क्यांचा आकडा वाढवावा, तीन महिन्यांची वाट कमी करावी, असं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

भविष्यनिर्वाह निधीतून काढता येतं. २०१८ च्या डिसेंबरपासून महिनाभर बेकार राहिल्यास ७५ टक्के रक्कम उचलता येऊ लागली, आणि अनेकांनी ती उचलली. ही मदत मानायची का? म्हातारपणाचे पैसे पंचविसाव्या वर्षी खाल्ले, एवढाच त्याचा अर्थ. आणि तिथेही तीच अडचण. खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरायची. त्याने भरली नाही तर पैसे अडकले. ती तारीख कामगाराला स्वतः नोंदवता येईल अशी सोय झाली २०२० च्या जानेवारीत.

गावी जावं तर तिकडे आदल्या वर्षीचा दुष्काळ. म्हणजे जाहीर झालेल्या संकटाच्या मुलखातून निघालेला पोरगा जाहीर न झालेल्या संकटात सापडला आणि परत पहिल्याकडे गेला. रोजगार हमीवर २०१९-२० मध्ये महाराष्ट्रात मजुरी होती २०६ रुपये रोज. पण मायक्रोमीटरने मायक्रॉन मोजणारा हात बापाच्या देखत खोऱ्याला लावायचा, हे त्याच्या वयात सोपं नसतं. “सुट्टीवर आलोय,” असं पोरं सांगतात. आईला चौथ्या दिवशी कळतं. ती विचारत नाही. त्यात लग्नाचं ठरत असेल तर आणखी अवघड, कारण सोयरीक ‘पुण्याला कंपनीत आहे’ या तीन शब्दांवर जुळलेली असते. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने सोयाबीन-कापूसही नेला.

कामगारांबद्दल लिहिताना लहान शेडमालकाला विरोधी बाकावर बसवण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या या मालकांतले कितीतरी स्वतः ऑपरेटर होते. कुणी मोठ्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या पैशांत पहिली मशीन घेतली, कुणी गावाकडची जमीन विकून. मशीन कर्जावर आहे, बँकेची ‘सीसी’, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, पुरी वापरलेली आहे. काम असो नसो, विजेचा स्थिर आकार येतो, शेडचं भाडं येतं. लघुउद्योगांच्या कायद्यानुसार त्याच्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत. मिळतात नव्वद दिवसांनी, एकशेवीस दिवसांनी. कायद्याकडे दाद मागायची तर ज्याच्याविरुद्ध मागायची तोच एकमेव गिऱ्हाईक. जीएसटी मात्र बिल निघालं की भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. असा माणूस ऑपरेटरला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो ते रात्री, पाळी संपल्यावर, त्याच्या डोळ्याला डोळा न देता म्हणतो. दुसऱ्या दिवशी स्वतः मशीनवर उभा राहतो.

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणत असल्याची घोषणा केली. शेअर बाजार उसळला. मंदीवरचा मोठा उपाय म्हणून तो पेपरांच्या पहिल्या पानावर होता. पण कंपनी कर कंपन्या भरतात. कुदळवाडीतलं शेड एका माणसाच्या नावावर किंवा दोघा भावांच्या भागीदारीत असे. त्याला या घोषणेतून काही मिळणार नव्हतं. शिवाय नफ्यावरच्या कराची सूट नफा असणाऱ्याला लागते. त्याच दिवशी गोव्यातच झालेल्या जीएसटी परिषदेत अभियांत्रिकी जॉबवर्कवरचा कर १८ वरून १२ टक्के करायचं ठरलं. लहान शेडच्या कामाचा निर्णय खरा हा होता. त्याची बातमी आतल्या पानावर गेली.

एक काम गेलं की त्याच्याबरोबर काय काय जातं, ते मोजायची आपल्याकडे रीतच नाही. चाकणच्या आसपासच्या गावांत एमआयडीसीला जमीन गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या, त्याही कर्ज काढून. खोल्या रिकाम्या झाल्या, हप्ता चालू राहिला. मेस चालवणाऱ्या बाईचे शंभर डबे साठावर आले, गॅस तेवढाच लागला. शिवाय जी पोरं न सांगता गावी गेली त्यांची मागची बाकी बुडाली. ती बाई त्यांना शिव्या देत नाही, हे मी मुद्दाम लिहितो. “त्याच्याकडंच नव्हतं तर देणार कुठून?” हे वाक्य त्या भागात अनेकींच्या तोंडी आहे. कुटुंब घेऊन राहणाऱ्यांचं वेगळं. आधी भिशी बंद होते, मग सोनं गहाण जातं, मग बचत गटाचा हप्ता चुकतो आणि गटातल्या बाकीच्या नऊजणी दारात येतात. बाई पोळ्या लाटायला, पॅकिंगला, घरकामाला लागते. नवरा घरी आणि बाई बाहेर, हे दोघांनाही नवं असतं. मुलाला इंग्रजी शाळेतून काढून महापालिकेच्या शाळेत घालायचं की एक सहामाही फी थकवायची, यावर त्या घरात जितकं बोलणं होतं तितकं नोकरीवरही होत नाही. नवरा काही दिवस जेवण पोचवणाऱ्या ॲपसाठी मोटारसायकल फिरवतो. मोटारसायकलचाही हप्ता असतोच.

दिवाळीचं बोलायचं तर तेव्हाच्या बोनस कायद्यानुसार वर्षात तीस दिवस काम केलेल्यालाही बोनसचा हक्क होता, किमान ८.३३ टक्के. ठेक्यावरच्यालाही होता. पण जूनमध्ये ब्रेक मिळालेला मुलगा ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराच्या कचेरीत जाऊन ‘माझा तेवढा हिस्सा द्या’ म्हणत नाही. म्हटलं तर पुढचा फोन येणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

दुष्काळाकडे परत यायला हवं. महाराष्ट्राला पूर्वी दुष्काळ मोजताही येत नव्हता. त्यासाठी पैसेवारीची पद्धत रुळली: पन्नास पैशांच्या खाली पीक गेलं की गाव टंचाईग्रस्त. तिच्यात राजकारण शिरलं, आकडे फिरवले गेले, म्हणून २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, पेरणी, मातीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवाई, भूजल असे निकष आणले. त्यांवरही शेतकरी संघटनांचे रास्त आक्षेप आहेत. पण मोजमापावर भांडण होतं, कारण मोजमाप आहे. आणि ‘काम मागेल त्याला काम’ हे तर याच मातीतलं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तो प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीला तो लागू झाला. देशाने तो २००५ मध्ये घेतला. ज्या राज्याने खेड्यातल्या बेकाराला कामाचा हक्क आधी दिला, त्याच राज्याने आपल्या सगळ्यांत मोठ्या कारखानदारी पट्ट्यातल्या बेकाराला निव्वळ फोनच्या भरवशावर सोडलं आहे.

मंदीची पैसेवारी काढणं दुष्काळाच्या पैसेवारीपेक्षा सोपं आहे, हे मी जबाबदारीने म्हणतो. भविष्यनिर्वाह निधीचं चलन दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावं लागतं, त्यात प्रत्येक कामगाराचं नाव असतं. गेल्या महिन्यात असलेलं नाव या महिन्यात नसलं, की ते कुठून गेलं हे त्याच रात्री कळू शकतं. राज्य विम्याची वर्गणीही त्याच तारखेला. औद्योगिक ग्राहकाने किती युनिट वीज वापरली हे महावितरणला माहीत असतं, शेडच्या पत्त्यासकट. २०१८ पासून मालाच्या प्रत्येक मोठ्या खेपेचं ई-वे बिल निघतं. या चार नोंदी एमआयडीसीनिहाय एकत्र ठेवल्या, तर कोणत्या औद्योगिक क्षेत्रात सलग तीन महिने घसरण आहे ते सांगता येईल. ट्रेनी त्यात दिसणार नाहीत, म्हणून त्यांची नोंद आधी सक्तीची करावी लागेल. आणि एखादं क्षेत्र मंदीग्रस्त जाहीर झालं की पुढच्या गोष्टी आपोआप लागू व्हाव्यात: ठेक्यावरच्यालाही अर्जाविना बेकारी भत्ता, लहान शेडच्या विजेच्या स्थिर आकारात सूट, मशीनच्या आणि खोल्यांच्या कर्जहप्त्यांना मुदत, मुलांची फी थकली म्हणून शाळेतून काढायचं नाही, आणि परिसरातच महापालिकेमार्फत कौशल्याचं काम. दुष्काळाच्या शासन निर्णयात शेताच्या जागी शेड घातलं तरी निम्मा मसुदा तयार आहे.

२०२० च्या सप्टेंबरात संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने त्याचं पंधरा दिवसांचं वेतन निधीत भरावं अशी तरतूद आली. चांगली आहे. पण तीही कपात झालेल्यासाठी. ब्रेकवर असलेल्याची कपात झालेलीच नसते. त्याच संहितेने कपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली.

२०१९ च्या ऑक्टोबरात सणाच्या खरेदीने प्रवासी वाहनांचा आकडा जेमतेम पाव टक्का वर आला, मग पुन्हा खाली गेला, आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. ती मात्र जाहीर झालेली होती. जाहीर झालेल्या संकटात काय होऊ शकतं ते तेव्हा दिसलं. त्याच अटल योजनेत भत्ता २५ चा ५० टक्के झाला. तीन महिन्यांची वाट तीस दिवसांवर आली. वर्गणीच्या अटी सैल झाल्या. अर्ज शेवटच्या मालकामार्फत आणायची गरज उरली नाही, कामगाराने तो थेट शाखा कार्यालयात द्यावा असं ठरलं. या सगळ्या सवलती २४ मार्च २०२० पासून पुढे काम गेलेल्यांसाठी होत्या. भोसरीतल्या ज्या ऑपरेटरला २०१९ च्या ऑगस्टात ‘शेड्यूल आलं की फोन करतो’ असं सांगितलं गेलं होतं, त्याला जुनाच नियम लागू राहिला: पंचवीस टक्के, तीन महिन्यांची वाट, आणि ठेकेदाराची सही.